काळी, पांढरी आणि पाया

महाराष्ट्रातील जुन्या गावांनी आपल्या जमिनीला दोन नावे दिली होती. कसायची ती काळी आणि वसायची ती पांढरी. काळीत नांगर चालावा व पांढरीत चूल पेटावी, असा तो सरळ हिशोब होता. पांढरी म्हणजे बहुधा उंचवट्याची, पाण्याचा निचरा होणारी जागा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, चुना आणि पडक्या भिंतींची माती मिसळून ती अधिकच पांढुरकी होत गेली. आज आमच्या नंदुरबारसारख्या शहरांच्या कडेने जी नवी घरे उठत आहेत, ती मात्र पांढरीवर नाहीत. पांढरी केव्हाच भरून गेली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला, शहर जिल्ह्याचे ठाणे झाले, आणि पीक देणारी शेते बिगरशेती होऊन भूखंडांत वाटली जाऊ लागली. घर काळीत शिरले. या एका बदलातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम काळीचा स्वभाव समजून घेऊ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर थिजून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. त्याची युगानुयुगे झीज होऊन ही माती झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज भरपूर असते. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी उडून गेले की आकसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि आषाढात त्याच भेगा मिटून भुई वर येते. पावसाचे पाणी धरून ठेवण्याच्या याच गुणामुळे पाऊस संपल्यावरही रब्बीची ज्वारी केवळ ओलीवर तग धरते. परंतु त्याच गुणामुळे उथळ पायाचे घर वर्षातून एकदा उचलले जाते व एकदा खाली बसते. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते, पावसाळ्यात दार चौकटीत अडते, फरशी मध्येच उचलते. शेतकऱ्याच्या ताटात जे अन्न येते ते आणि गवंड्याच्या भिंतीला जी भेग पडते ती, दोन्ही एकाच कारणाने. म्हणून मातीला दोष देणे व्यर्थ आहे. ती आपल्या धर्माप्रमाणे वागते.

शिवाय ही माती सर्वत्र सारखी नाही. दक्षिणेकडून उत्तरेकडे एकदा जिल्हा ओलांडावा. नवापूरकडच्या टेकड्यांत व नंदुरबारच्या परिसरात कोठे थोड्याच खोलीवर मुरूम, कोठे थेट काळा कातळ लागतो. या भागात पाषाणाला पडलेल्या जुन्या चिरांत लाव्हा घुसून थिजला आणि त्याच्या उभ्या दगडी भिंती तयार झाल्या. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. नंदुरबार व धुळे परिसरातील डाइकांचा हा समूह शास्त्रज्ञांत प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी पायाच्या चराचे एक टोक कठीण दगडावर व दुसरे मऊ मातीत येऊ शकते, आणि मग घर एका बाजूने बसते. पुढे तापीचे खोरे येते. तेथे नदीने आणून टाकलेल्या गाळाची जाडी इतकी, की पायासाठी कातळ शोधण्याचा विचारच सोडून द्यावा. सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोदा-अक्कलकुवा पट्ट्यात, डोंगरावरून वाहून आलेले गोटे आणि माती यांची भेसळ लागते. आणि अक्राणीच्या उतारावर मातीचा पातळ थर व खाली खडक. तेथील पावरा व भिल्ल बांधवांचे परंपरेने चालत आलेले घर लाकडी खांबांवर उभे असते आणि त्याच्या कुडाच्या भिंती भार वाहत नाहीत. भुईशी भांडण न करणारे ते घर आहे.

काळीवर टिकाऊ घर बांधताच येत नाही, असे मुळीच नाही. चर मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा, हा जुन्या मिस्तऱ्यांचा नियम. ‘कठीण लागले’ हे त्यांचे शब्द ऐकल्याशिवाय मालकाने दगड टाकू देऊ नये, असा संकेत होता. जेथे काळी फार खोल आहे, तेथे रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने सुचविलेले, तळाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब उपयोगी पडतात. ते साधारण साडेतीन मीटर खाली जातात, कारण त्या खोलीवर ओल-कोरड्याचा हंगामी खेळ बहुतांशी थांबतो. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी असे दाखविले, की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा योग्य जाडीचा थर दाबून बसविला तर खालची सूज आवरता येते. योग्य प्रतीचा मुरूम त्या कामी येतो. घराभोवती फरसबंदी करून पाणी दूर नेणे, हा तर कोणालाही जमणारा उपाय. ज्ञान आहे, साधने आहेत. प्रश्न आहे तो खर्चाचा, आणि तो खर्च कोणी सोसावयाचा याचा.

येथे एक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी, कारण आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म तिच्यात आहे. काळीच्या फुगण्याचा सर्वाधिक त्रास हलक्या घराला होतो. बहुमजली इमारत आपल्या वजनाने फुगणारी माती दाबून धरते, आणि तिचा पायाही अभियंत्याच्या देखरेखीखाली खोल गेलेला असतो. एक मजली, दोन खोल्यांचे घर ती माती सहज उचलते. म्हणजे ज्याच्याजवळ पायासाठी पैसा सर्वांत कमी, त्याच्याच घराला पायाची निकड सर्वांत अधिक.

आता शासकीय घरकुलाचा हिशोब पाहू. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली, तेव्हा सपाट प्रदेशात एक लाख वीस हजार व डोंगराळ, दुर्गम भागात एक लाख तीस हजार रुपये असे साहाय्य ठरले, आणि घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. डोंगरात सामान चढविण्याचा खर्च अधिक, म्हणून हा भेद रास्तच आहे. परंतु मातीचा भेद त्यात नाही. एवढ्या घराच्या चार भिंती व मधली एक भिंत धरून सुमारे ऐंशी फूट लांबीचा चर होतो. रुंदी अडीच फूट धरली आणि तीन फुटांवर मुरूम लागला, तर सहा ब्रास खोदाई होते. त्याच घराला काळीत सहा फूट खाली जावे लागले, तर बारा ब्रास. पुन्हा तेवढाच चर दगड-मातीने भरून काढणे आलेच. दोन शेजारी गावांतील दोन विधवा, दोघींना रक्कम एक. एकीची भिंत छतापर्यंत पोहोचते, दुसरीची जोत्यापाशी थांबते. अशा वेळी दुसरीने काय करावे? पाया उथळ ठेवून भिंत पूर्ण करावी, कारण पुढचा हप्ता वर दिसणाऱ्या बांधकामावर मिळतो, की सावकाराकडे जावे?

समान वाटप म्हणजेच न्याय, असे आपण सहज धरून चालतो. परंतु असमान भूमीवर समान माप टाकले की फरकाचा सारा भार खाली, न दिसणाऱ्या जागी जाऊन साठतो, आणि तो दुर्बळाच्या वाट्याला येतो. यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. मातीप्रमाणे रक्कम बदलू लागली, तर माती ठरविणाऱ्याच्या हाती सत्ता येईल. मुरूमाची काळी होईल आणि काळीचा मुरूम, ज्याची जशी देणगी त्याप्रमाणे. सरसकट नियम आंधळा असला तरी तो विकत घेता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. हे आम्हांस मान्य आहे. तथापि माती ही लपविता येणारी गोष्ट नव्हे. पुरुषभर खोल एक खड्डा दोन माणसे दिवसभरात खणतात. तो खड्डा ग्रामसभेने उघड्या डोळ्यांनी पाहावा. त्याच्या कडेवर काळी कोठे संपते व मुरूम कोठे लागतो, हे शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यालाही कळते. जे सर्वांना दिसते, त्याची लाच घेणे अवघड असते.

वाचकहो, पायाचा दृष्टान्त आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. खडकावरचे घर आणि वाळूवरचे घर, असा तो संत मत्तयाने नोंदविला आहे. त्यावरून एखाद्याला वाटावे, की शहाणपण म्हणजे चांगली जागा निवडणे. परंतु ज्याला गावाबाहेरचा एकच भूखंड परवडतो, त्याने कोठला खडक निवडावा? संत लूकाने तोच दृष्टान्त सांगताना एक तपशील अधिक दिला आहे. त्या शहाण्या माणसाने खणले, खोल खणले, आणि मग खडकावर पाया घातला. दुसऱ्याने पायाशिवाय भुईवरच घर बांधले. लूकाच्या कथनात दोघांमधला फरक खणण्याच्या श्रमाचा आहे, आणि हेच शहाणपण गरिबाच्याही आवाक्यातले आहे. मात्र खणण्याची मजुरी त्याला मिळाली पाहिजे. कोनशिलेला आशीर्वाद देण्यासाठी आम्हां धर्मगुरूंना अनेकदा बोलाविले जाते. ती शिला भुईच्या वर, नावे वाचता येतील अशा जागी बसविलेली असते. चर उघडा असताना मात्र कोणी बोलावीत नाही. वास्तविक आशीर्वादाची व देखरेखीची खरी गरज तेव्हाच असते, कारण एकदा माती लोटली की प्रामाणिकपणा व लबाडी दोन्ही सारखीच दिसतात. भेग पडावयास काही पावसाळे जावे लागतात. तोवर ठेकेदाराचे बिल निघालेले असते आणि घर कदाचित दुसऱ्याच कुटुंबाच्या हाती गेलेले असते.

त्या चरात उतरणाऱ्या माणसाचाही विचार व्हावा. जेसीबी आला तरी कोपरे साफ करणे, तळ सपाट करणे, धुम्मस मारणे ही कामे माणसेच करतात. ओल्या काळीची उभी कड बिनआधाराने टिकत नाही, ती एकाएकी ढासळते. बांधकाम मजुरांच्या सुरक्षिततेसाठी १९९६ साली केंद्राचा कायदा झाला, पण चराच्या कडेला उतार देणे किंवा फळ्यांचा टेकू लावणे अनेक ठिकाणी वेळेचा अपव्यय समजला जातो. आमच्या जिल्ह्यातील कितीतरी आदिवासी कुटुंबे दरवर्षी गुजरातेत कामाला जातात. तिकडच्या शहरांचे पाये खणणाऱ्यांत त्यांचेही हात आहेत. न दिसणाऱ्या कामाचा हिशोब जेथे चुकतो, तेथे पहिला बळी त्यांचा जातो.

याच जिल्ह्याने भूमी बदलण्याचा फार मोठा अनुभव घेतला आहे. सरदार सरोवरामुळे अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील तेहतीस गावे बाधित झाली, आणि १९९० साली तळोद्याच्या वनातील जमीन पुनर्वसनासाठी मोकळी करण्यात आली. भूखंड आखता येतात, रस्ते सरळ काढता येतात. परंतु उतारावरच्या खडकाळ भुईवर घर उभारण्याचे जे ज्ञान त्या माणसांजवळ होते, ते सपाटीवरच्या मातीत जसेच्या तसे कामी येत नाही. जागा तयार करणे याचा अर्थ केवळ झाडे तोडून सपाट करणे असा घेतला, की नव्या भुईची ओळख करून देण्याचे काम राहून जाते.

तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे येथे १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले, आणि त्या पांढरीच्या तळाशी ताम्रपाषाणयुगातील वस्ती सापडली. पुरातत्त्वज्ञ प्रत्येक थर काढण्यापूर्वी तो पाहतो, मोजतो, नोंदवितो. घराचा पाया खणणाऱ्याकडून एवढी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु दगड टाकण्यापूर्वी चर एक दिवस उघडा ठेवावा, मालकाने, मिस्तरीने आणि पैसा देणाऱ्याने त्यात एकदा वाकून पाहावे, आणि ‘कठीण लागले’ की नाही हे तिघांनी मिळून ठरवावे, एवढे तर मागता येईल. नाही लागले, तर आणखी खणावे. आणि त्या वाढीव खोलीचा खर्च, घर ज्याचे हलके आहे त्याच्या एकट्याच्या माथी मारू नये.