थरार कोणाच्या जिवावर?

सप्टेंबर २००७. अमेरिकन फुटबॉलमधील बफेलो बिल्स संघाचा खेळाडू केविन एव्हरेट किकऑफनंतर, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकनंतर, चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवायला गेला आणि त्याच्या मणक्याला जबर इजा झाली. पुढे तो चालू लागला. पण खेळाडूने स्वखुशीने पत्करलेल्या धोक्यात प्रेक्षकाचा वाटा किती, हा प्रश्न उरलाच.

या खेळाच्या एनएफएल लीगने २०२४मध्ये किकऑफ बदलला. पूर्वी संघ लांबून भरधाव येऊन भिडत. आता किक मारणाऱ्याचे दहा साथीदार थेट प्रतिस्पर्ध्यांच्या ४० यार्डांच्या रेषेवर उभे असतात. चेंडू जमिनीला किंवा खेळाडूला लागेपर्यंत त्यांनी हलायचे नाही.

जुने चाहते हळहळतात, आणि त्यांचे दुःख खरे आहे. २०१०च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, न्यू ऑर्लिन्स सेंट्सने उत्तरार्धाची सुरुवातच अनपेक्षित आखूड किकने केली, चेंडू परत मिळवला आणि सामना फिरला. आता अशी किक आधी जाहीर करावी लागते; २०२४मध्ये तर ती पिछाडीवरच्या संघालाच मारता येत असे.

तरीही खेळाडूने संमती दिली म्हणून इजा हलकी होत नाही. टाळ्या वाजवणारा त्या धडकेत भागीदारच असतो.

शिवाय जुना किकऑफ निष्प्राण झालाच होता: फेब्रुवारी २०२४च्या सुपर बोलमध्ये एकही किक परत धावत आणली गेली नाही. नव्या नियमाच्या पहिल्याच हंगामात परतीच्या धावा वाढल्या आणि, लीगच्या आकडेवारीनुसार, किकऑफमध्ये मेंदूला धक्का बसण्याचे प्रमाण घटले.