फेडलेले उसने

मुंबई-गोवा महामार्गाने सावंतवाडी सोडून बांद्याकडे निघाले की इन्सुलीचा घाट लागतो आणि पुढे तपासणी नाका. गोव्याकडून येणाऱ्या गाड्या तिथे थांबवतात, डिकी उघडायला लावतात, काय आणले नि किती आणले ते बघतात. पेपरात इन्सुलीचे नाव येते ते बहुतेक या नाक्यापायीच. पण हमरस्ता सोडून आत वळले की वाडीवाडीत एका घरातून दुसऱ्या घरात जो माल फिरत असतो, त्याची नोंद कुठेच होत नाही. ती ठेवायला एकदा एक बाई बसली, तिची ही गोष्ट.

ती मूळची इथली नव्हे. डोंबिवलीला वाढली, तिथल्याच एका पतपेढीत हिशेब लिहायची. 2020 च्या लॉकडाउनमध्ये नवऱ्याचे काम सुटले, तसे पोरासकट तिघे गावच्या घरी आले ते इथेच राहिले. उसने हा प्रकार तिला लहानपणापासून नको वाटायचा. चाळीत वाण्याकडे उधारीची वही होती आणि सामान आणायला आई मुद्दाम तिला पाठवायची, पोराकडे बघून वाणी जरा नरमतो म्हणून. वाणी नरमायचा खरा, पण आधी चार गिऱ्हाइकांसमोर बाकी मोठ्याने वाचून दाखवायचा. आपले घर झाले की कुणाचे काही देणे ठेवायचे नाही, हे तिने त्या दुकानाच्या पायरीवरच ठरवले होते.

आणि नशिबाने सासर मिळाले ते असे, की दिवस उजाडायचा तोच उसन्याने.

तिचे घर सकयले, म्हणजे खालचे. गडग्यापलीकडे चार पायऱ्या चढून गेले की वयले घर. तिथे एकटी आजी. तिचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, ते गेले, मुलगा पुण्याला. या दोन घरांत एक जर्मलचा टोप फिरत असे. तळाला पोचा, एक कान सैल. वरून खाली येताना त्यात कुळथाची पिठी असायची, खालून वर जाताना काळ्या वाटाण्याचे सांबारे. थंडीत तर त्याला उसंतच नसायची. आंबोली घाटाकडून गार वारा उतरायला लागला, काजूला मोहोर दिसायला लागला, की सकाळी उकड्या तांदळाची पेज, भाजलेला सुका बांगडा आणि कुणाच्या तरी घरचे काहीतरी गरम. देण्यासारखे काही नसेल त्या दिवशी टोपात चार सोले पडायची. "रिकामा भांडा धाडू नये गो," सासू म्हणायची. का, ते तिने कधी सांगितले नाही आणि सुनेने विचारले नाही.

टोपाशिवायही देवघेव होतीच. नारळ, कुळीथ, मिरच्या, माडाची झावळे, बेण्याची चवळी. सासू गेली तेव्हा बाराव्यापर्यंतचे तांदूळ वरच्या घरातूनच आले. कुणी मोजले नव्हते. सुनेने मोजले. पतपेढीची सवय, दुसरे काय. दुःखाच्या त्या दिवसांतही रात्री वहीत एक ओळ पडायचीच: तांदूळ, नारळ, शेर, नग. ती वाईट बाई नव्हती. आपण कुणाचे खातो आहोत हे विसरू नये, म्हणून ती लिहीत होती. लिहून ठेवलेले कधीतरी फेडावे लागते, एवढेच.

फेडायची ऐपत लवकर आली. 2023 च्या जानेवारीत हद्दीपलीकडे मोप्याचा विमानतळ सुरू झाला आणि सावंतवाडी तालुक्यातली पुष्कळ पोरे कामासाठी रोज तिकडे ये-जा करू लागली. तिच्या नवऱ्यालाही तिथे गाडी चालवायचे काम मिळाले. महिन्याच्या महिन्याला पगार. त्या वर्षी तुळशीचे लग्न झाल्यावर ती बांद्याच्या आठवडाबाजारात गेली आणि वहीतली एकेक ओळ विकत घेऊन आली. रिक्षाच भरली. सगळे वरच्या घराच्या खळ्यात मांडले, नारळ मोजून, कुळीथ मापून, आणि सासूच्या आजारपणातले पाचशे रुपये पाकिटात घालून.

"ह्या सगळा कित्याक?" आजीने विचारले.

"तुमचे येणे होते आमच्याकडे. आता काही राहिले नाही."

आजीने एकदा नारळांकडे आणि एकदा तिच्याकडे बघितले. "बरा बाय," म्हणाली. "ठेव थंय."

"आणि हा टोपही. घासूनपुसून आणलाय."

"तो आमचो नाय. तुझ्या सासयेचो आसतलो."

"नाही हो, तुमचाच."

दोघींनीही आग्रह केला आणि दोघींपैकी कुणीच घेतला नाही. शेवटी तो गडग्यावर राहिला. कोरा, चकचकीत, रिकामा.

त्यानंतर भांडण झाले असते तर बरे झाले असते. भांडण निदान मिटवता येते. इथे सगळेच सुरळीत होते. वाटेत भेट झाली की आजी हसायची, पोराच्या डोक्यावरून हात फिरवायची. फक्त पायऱ्या उतरून येईना. कुणी कुणाकडे काही मागेना, त्यामुळे जायला निमित्तच उरेना. नुसते बसायला म्हणून शेजारी जाणे फार अवघड असते, हातात वाटी असावी लागते. मृगात टोपात पाणी साठले, त्यात कोंबड्या पाणी पिऊ लागल्या. सुनेच्या वहीत वरच्या घराचे पान कोरे राहिले. सुरुवातीला ते बघून तिला हलके वाटायचे. पुढे तिने ते उघडणे सोडले.

वर्ष उलटून पुन्हा नोव्हेंबर आला. पासबुक भरून घ्यायला ती बांद्याला बँकेत गेली होती. नोव्हेंबरात बँकांमधून पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांची रांग असते, आपण हयात आहोत हे दाखवायला. काउंटरवरची मुलगी सहज म्हणाली, "तुमच्या वाडीतल्या आजींना सांगा, उद्या यायला नको, झाले त्यांचे. बिचाऱ्या तीन खेपा आल्या. अंगठाच उमटेना." शेतात नि चुलीपुढे जन्म गेलेल्या बोटांच्या रेषा झिजतात, यंत्र ती बोटे ओळखत नाही. पण त्याला तोड आहे. अलीकडे मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे नुसता चेहरा धरला तरी हयातीचा दाखला घरबसल्या निघतो. हे तिला पक्के ठाऊक होते. डोंबिवलीतल्या कितीतरी अनोळखी म्हाताऱ्यांची कागदपत्रांची कामे तिने करून दिली होती.

त्या संध्याकाळी ती पायऱ्या चढून वर गेली. "मला का नाही सांगितले? दोन मिनिटांचे काम होते."

आजी वालाच्या शेंगा सोलत होती. "कशी सांगतलंय?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, खरेच प्रश्न पडल्यासारखे ती विचारत होती. "तुया हिशोब मिटवन टाकलंस. मिटलेल्या हिशोबात माणूस काय म्हणान मागतला?"

सुनेला यावर बोलता आले नाही. घरी येऊन तिला पहिल्यांदा सुचले ते पतपेढीतल्या माणसाला सुचावे तेच: काहीतरी नेऊन द्यावे. फराळ, साडी, स्वेटर. पण जे काही दिले असते त्याची परतफेड आजीने दुसऱ्या दिवशी केली असती, मोजून. ती रीत तिनेच शिकवली होती.

मार्गशीर्षात गावची जत्रा. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला सोनुर्लीला माऊलीची लोटांगणाची जत्रा होते आणि मग तळकोकणात गावागावांतून जत्रांची रांगच लागते. दिवसा ओट्या, रात्री दशावतारी नाटक, पहाटे दहीकाला. माहेरवाशिणी येतात, चाकरमानी येतात, खाजा आणि खटखटे लाडू घेतल्याशिवाय कुणी परतत नाही. नणंद येणार होती. फोनवर म्हणाली, "वैनी, काय नको. आये करी तसे रस-शिरवाळे कर फक्त."

नवऱ्याने बांद्याहून स्टीलचा हातसाचा आणून दिला, खोक्यासकट. जुना साचा होता वरच्या घरात: लाकडी, तिपाई, पितळी चाळणीचा, वर हातभर दांडा. जत्रेच्या सकाळी सून खोके फळीवर ठेवून पायऱ्या चढली.

"आजी, साचा हवा होता."

"न्हे. माळ्यार आसा."

"आणि तुम्हीही हव्यात. दांडा हे दाबतील, पण गोळा कधी काढायचा ते आमच्यात कुणाला कळत नाही."

आजीने शेंगांची टोपली बाजूला सारली. "बांद्यासून नवो साचो हाडलास मां? परवा तुझो घोव घेवन येय होतो."

"आणला. पण त्याने नाही जमत."

साचा अजून खोक्यातच होता, साधी टेपही निघाली नव्हती. आजी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग उठली, लुगडे सारखे केले आणि म्हणाली, "मगे दोन नारळ दी माका. रसाक माज्याकडे एक पण नारळ नाय."

आजीच्या मागे पडवीत नारळांचा ढीग लागला होता, छातीएवढा. सुनेने त्याच्याकडे बघितलेसुद्धा नाही. "देते की," म्हणाली.

मग दुपारभर सकयल्या घरात वाफ. शिरवाळे हे एकट्या बाईचे काम नव्हेच. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, गरम असतानाच मळायची, तिचे मुटके करून उकळत्या पाण्यात सोडायचे. मुटका वर तरंगला की सून झारा घेऊन धावायची आणि आजी तिचा हात धरायची. "वर इलो म्हणान शिजलो नाय. रव." पुन्हा थोडा वेळ. मग मुटका चटके बसत असतानाच साच्यात, कारण निवला की कितीही जोर लावा, तार सुटत नाही. नवरा दांड्यावर अंगाचा भार टाकायचा, चाळणीतून पांढऱ्या तारा उतरायच्या आणि आजी खाली केळीचे पान गोल फिरवत राहायची, म्हणजे चवड नीट बसते. "दाब! भात खातस मां? दाब!" पोर हसून हसून गडबडा लोळत होते. नारळाच्या पहिल्या पिळीच्या दुधात गूळ आणि वेलची. हा रस चुलीवर चढवायचा नाही. चढवला की फुटतो.

नणंद आली ती गडग्याशीच थांबली. "अगे आजी! नाटकवाल्यांचो टोप अजून आसा?"

"खयचे नाटकवाले?" सुनेने विचारले.

नणंद परकरी होती तेव्हाची गोष्ट. जत्रेला आलेल्या दशावतारी मंडळींचा पेटारा सकयल्या घराच्या पडवीत उतरला होता. मंडळी तिथेच रांधून जेवली आणि जाताना टोप विसरली. सासूने त्यातून वरच्या घरी काहीतरी पाठवले, आणि तिथून तो सुरू झाला. म्हणजे दोन्ही घरांनी जन्मभर वापरलेला टोप दोघांपैकी एकाचाही नव्हता. आजी हसता हसता खांबाला टेकली. "माका म्हायती होता," म्हणाली. "तुझ्या सासयेक पण."

रात्री देवळाकडे निघताना सुनेने टोप विसळून शिरवाळ्यांनी भरला आणि रस तांब्यात घेतला. देवळामागे मंडळींची रंगरंगोटी चालली होती. मंडळी अर्थातच दुसरीच. राणीची भूमिका करणारा गृहस्थ एकच भुवई काढून झालेल्या तोंडाने आरशासमोरून वळला आणि सगळी हकिगत ऐकून घेतली.

"आमचो नसतलो तो," टोप ओढून घेत तो म्हणाला. "पण रिकामो करून दितंव." मग आतल्या बाकीच्यांना हाक मारली. दोन घास खाऊन झाल्यावर त्याला आपला पदर आठवला. "वैनी, दोन पिनो गावतील काय? उसन्यो. ह्यो पदर काय रवणा नाय."

तिने बांगडीत अडकवलेल्या दोन पिना काढून दिल्या आणि वर तिसरीही, लागली तर असावी म्हणून.