नव्या डॉक्टर नातीस

चि. सोनूस,


तुला स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राची जागा मिळाली हे तुझ्या बाबानं कळवलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली आणि मग अंगणात खुर्ची टाकून बराच वेळ नुसती बसून राहिले. तुझ्या हुशारीची मला चिंता नाही, मनाची तर नाहीच; दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारणारी पोर तू, तुला दयामाया मी काय शिकवणार? धास्ती आहे ती फक्त तुझ्या घाईची. जेवतेस घाईत, जिना उतरतेस घाईत, आणि फोनवर माझं वाक्य संपायच्या आत “हो आजी, कळलं” म्हणतेस. म्हणून हे पत्र. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

आधी पहाटे उठण्याचं सांगते. राउंड आठचा असला तर तू सातला वॉर्डात पोच. मोठे डॉक्टर, सिस्टर, विद्यार्थी असा सगळा लवाजमा खाटेभोवती उभा राहिला की बाळंतीण सगळ्याला “बरं आहे” एवढंच म्हणते. तुझ्याशी एकटीशी मात्र ती बोलेल, की रात्रीपासून लघवी झालेली नाही, दूध उतरत नाही, पॅड फार भिजतंय, किंवा मुलगी झाली म्हणून घरून अजून कुणी आलेलं नाही. त्या एका तासात तुला जे कळेल ते केसपेपरवर कधीच सापडायचं नाही. आणि लिहिताना अक्षर सुवाच्य काढ गं. रात्रपाळीच्या मुलीला तुझं अक्षर लावता आलं पाहिजे.

ओपीडीत गर्दी असेल, खूप असेल. तरी समोरच्या बाईला पहिल्यांदा एवढंच विचार, “काय होतंय?” आणि गप्प बस. ती आधी कंबरदुखी सांगेल, मग अशक्तपणा सांगेल, आणि पदराशी चाळा करत करत शेवटी अंगावरून पांढरं जातंय किंवा अंग बाहेर येतंय हे खरं दुखणं सांगेल. सोबत सासू असली तर तिला वजनाचा कागद आणायला पाठव (हे मी नेहमी करायची, आणि एकाही सासूला राग आल्याचं आठवत नाही). गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग यांचं काम तू वाचलंच असशील. दोन गावांतल्या 650 बायका त्यांनी तपासल्या आणि 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलं, की त्यांतल्या 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के. सगळ्या जगानं त्याची दखल घेतली. मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोचतो. दुखणं होतं, बाई होती, पण तिला विचारणारंच कुणी नव्हतं.

तपासणीच्या टेबलावर तर घाई बिलकुल नको. आधी तिला लघवीला जाऊन यायला सांग, पडदा नीट ओढ, मांडीवर चादर घाल, स्पेक्युलम कोमट पाण्यातून काढ. थंड लोखंड लागलं की बाई अंग आवळून घेते, आणि मग तिलाही दुखतं आणि तुलाही काही दिसत नाही. हात लावण्याआधी “आता हात लावते हं बाई” असं म्हण. याला फार तर दोन मिनिटं लागतात, पण त्या दोन मिनिटांवर ती पुन्हा येणार की नाही हे ठरतं.

गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरचं पाणी लावून कॅन्सरआधीचा बदल बघायची तपासणी तुला लवकरच करायला मिळेल. पाणी लावल्यावर मिनिटभर थांबावं लागतं, तेव्हा कुठे पांढरा डाग उठून दिसतो. तिथेच तुझ्यासारखी पोर वीस सेकंदांत “नॉर्मल” लिहून मोकळी होते. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा रुग्णालयानं आरोग्यसेविकांकडून हीच साधी तपासणी दर दोन वर्षांनी करवून घेतली, आणि या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटल्याचं 2013 साली जाहीर झालं. त्या सेविका डॉक्टर नव्हत्या, पण शिकवल्याप्रमाणे मिनिट मोजत होत्या. त्याआधी बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीनं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखावर बायकांवर अभ्यास झाला होता. त्यात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बार्शी म्हणजे आपल्या घरचंच की, आणि आपल्याच बायकांना ते ठाऊक नाही.

आता प्रसूतीचं. पहिलटकरीण कळा देत असते, बाहेर नातेवाईक घड्याळ बघत असतात, तुझी ड्यूटी संपत आलेली असते, आणि अशा वेळी ‘सिझर करून टाकू’ हे चार जणांच्या तोंडी एकदम येतं. आमच्या काळी तासाला एक सेंटिमीटर गर्भाशयाचं तोंड उघडलं नाही की कपाळावर आठी यायची. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली तो दंडक सैल केला आणि खऱ्या कळा पाच सेंटिमीटरपासून धराव्यात असं सांगितलं. आई ठीक असेल, बाळाचे ठोके ठीक असतील, तर पाठीला हात लाव, पाणी पाज, कुशीवर वळव, हवं तर उठून फिरव, आणि थांब. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21 ची) सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के सिझर निघाल्या आणि खाजगीत 47.4 टक्के. खाजगीतल्या सगळ्याच नाहक होत्या असं मी म्हणणार नाही, पण एवढा फरक बायकांच्या हाडांत नसतो. आणि पहिल्या सिझरचा व्रण पुढच्या खेपेला वार धरून बसू शकतो, ते रक्त मग कुणाला आवरत नाही.

बाळ आल्यावरही तसंच. नाळ कापायला निदान एक मिनिट जाऊ दे, बाळाच्या वाट्याचं रक्त बाळाला मिळू दे. वार सुटल्याच्या खुणा दिसल्याशिवाय नाळ ओढू नकोस. ओढाताणीनं गर्भाशय उलटं बाहेर आलेलं ज्यांनी पाहिलंय ते पुन्हा कधी ओढत नाहीत. मात्र रक्त वाहू लागलं, झटके आले, नाळ बाळाच्या आधी खाली आली, की तिथे धाव, ओरड, सगळ्यांना गोळा कर. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात ट्रानेक्सॅमिक ॲसिड तीन तासांच्या आत द्यायचं, जितकं लवकर तितकं चांगलं. अशा वेळी गॉझ कुठे, सुई कुठे, रक्तगट काय हे शोधत बसायला लागू नये म्हणूनच पहाटे उठून ट्रे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा.

तांबी बसवणं, क्युरेटिन, बिनटाक्याचं ऑपरेशन या रोजच्या गोष्टी वर्षभरात हातात बसतील. क्युरेटिनला एवढंच ध्यानात ठेव की गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईची गर्भपिशवी लोण्यासारखी मऊ असते. आत सळई हलकी जाऊ दे आणि स्वच्छतेच्या हौसेनं फार खरवडू नकोस, आतले पदर एकमेकांना चिकटले तर पुढे पाळीही जाते आणि मूलही. पाळी जाऊन वर्ष झालेल्या बाईला पुन्हा रक्त दिसलं तर आतल्या अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय तिला घरी “काही नाही” म्हणून पाठवायचं नाही.

शिरोडकर टाका तुला शिकवतील तेव्हा तो आपल्या माणसाचा आहे हे लक्षात असू दे. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, मुंबईत काम करायचे. चौथ्या-पाचव्या महिन्यात कळा न येताच ज्यांचं मूल निसटतं अशा बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाला त्यांनी टाका घातला, त्यासाठी त्या बाईच्याच मांडीतली पट्टी वापरली, आणि 1955 साली ते प्रसिद्ध केलं. आजही तो त्यांच्याच नावानं जगभर ओळखला जातो. एक मूल गेलं की दुसऱ्या खेपेला लगेच टाका, अशी आता पद्धतच पडत चाललीय, ती मला पसंत नाही. मूल का गेलं ते नीट विचार, मागचे कागद बघ, सोनोग्राफीत तोंडाची लांबी बघ, आणि मग सुई उचल.

पिशवी काढण्याबद्दल मात्र जरा जास्त वेळ घेते. आपल्याकडे गळीत हंगामात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, त्यांच्या पाचटाच्या खोप्या तू लहानपणी बघितल्यास. त्यांतल्या बायका माझ्याकडे यायच्या, पंचविशी-तिशीतल्या, कंबर धरून, आणि विचारलं की सहज सांगायच्या, “पिशवी काढलीय की!” 2019 साली ते सगळं उजेडात आलं. सरकारनं नेमलेल्या समितीसाठी झालेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, खाडा पडला की वर दंड, फडात ना पाणी ना आडोसा, आणि त्यात पाळीचे दिवस. बाई कंटाळून “काढूनच टाका” म्हणते आणि डॉक्टर “ठेवलीस तर कॅन्सर होईल” म्हणतो. दोघांनाही घाई, फक्त तिची घाई पोटाची असते, त्याची खिशाची.

तुझ्यासमोर अशी बाई आली तर तिला बसव. पांढरं जाणं बहुतेक वेळा गोळ्यांनी बरं होतं, काही वेळा नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं. पाळी जास्त जात असेल तर रक्त बघ, थायरॉइड बघ, सोनोग्राफी कर, वय आणि लक्षणं बघून अस्तराचा तुकडा तपास. मग गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी आहे, छोटा मस्सा असला तर दुर्बिणीतून निघतो, आणि पाळी जायच्या वयाला आलेल्या बाईच्या गाठी तर पुढे आपोआप आकसतात. इतकं करूनही भागलं नाही, किंवा कॅन्सरच असला, तर कचरू नकोस, काढ. पण तरुण बाईचे चांगले बीजकोश मात्र सोडून दे. ते लवकर गेले की हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा येतात, झोप उडते, आणि ती पुन्हा उसाच्या फडात मोळ्या उचलायला उभी राहू शकत नाही.

काटकसरीचं तुला घरात शिकवलंय, तीच तिथे वापर. दोरा, गॉझ, हातमोजे सरकारचे असले तरी जपून वापर, पोट बंद करायच्या आधी गॉझ मोजल्याशिवाय टाका घालू नकोस. तपासणी लिहिताना स्वतःला विचार, की याच्या निकालानं माझा निर्णय बदलणार आहे का? नसेल तर तिचे पैसे वाचव. तिनं ते पैसे व्याजानं आणलेले असतात गं.

जेव वेळेवर, शेंगदाण्याचे लाडू पाठवतेय, ते वाटून खा. आणि एक काम तुझ्यावर सोपवते. तुझ्या आईला मी दोन वर्षं सांगतेय, पण सासूचं कोण ऐकतं? तिची एचपीव्ही चाचणी अजून झालेली नाही. दिवाळीला घरी येशील तेव्हा तिला बरोबर घेऊन जा आणि ती करूनच परत आण.

तुझी,
आजी