वाढप्याला कीर्तन घडते काय?

सप्ताहाचे सातही दिवस जो भटारखान्यात राबला, ज्याने पंगती वाढल्या, पातेली घासली आणि त्या धांदलीत ज्याच्या कानावर कीर्तनातला एक अभंगही धड पडला नाही, त्याला सप्ताह घडला की नाही? हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी आम्हाला विचारतो. विचारणारा बहुधा हसत विचारतो, म्हणून ऐकणाराही हसून सोडून देतो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परमार्थात कष्टाचा वाटा कोणाचा आणि आनंदाचा वाटा कोणाचा, हेच त्यात विचारले आहे.

कल्याण सोडून कर्जतच्या वाटेला लागले की पहिलेच स्टेशन विठ्ठलवाडी. पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. या पट्ट्यातल्या जुन्या गावांत सप्ताह ही आगरी-कुणबी मंडळींची घरचीच रीत. पुढे कारखाने आले, इमारती आल्या. घाटावरून, कोकणातून, खानदेशातून, मराठवाड्यातून माणसे येऊन राहिली आणि त्यांनी आपापल्या गावचे टाळ-मृदंग बरोबर आणले. यातल्या पुष्कळांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेला. पहाटेची गाडी धरणारा काकड्याला कसा थांबणार? रात्री उशिरा उतरणारा हरिपाठाला कसा पोहोचणार? म्हणून इकडे सप्ताह म्हणजे आधी वेळेचा आणि माणसांचा हिशेब. हल्ली लग्नकार्याची सगळी व्यवस्था पैसे घेऊन करून देणारे निघाले आहेत, त्यांना इव्हेंटवाले म्हणतात. आपल्याकडे तेच काम गावातला कोणीतरी एक जण वहीपेन्सिल घेऊन करतो. नाव निराळे, डोकेदुखी तीच.

आता प्रश्नाकडे वळू. संप्रदायाचे उत्तर सर्वांना पाठ आहे. सावता महाराज अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. पांडुरंगच मळ्यात आला. नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन देवाने बारा वर्षे पाणी वाहिले. जनाबाईच्या जात्याला त्याने हात लावला. जिथे देवच राबायला येतो तिथे भटारखाना ही पंढरीच झाली, मग कीर्तन चुकले म्हणून हळहळायचे कशाला? हे उत्तर खरे आहे. त्याला बाध आणण्याची आमची इच्छा नाही आणि अधिकारही नाही.

पण एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे उत्तर कोणाच्या तोंडून येते? चुलीपाशी बसून भाकरी थापणारी माऊली म्हणाली, ‘‘मला इथंच कीर्तन घडलं,’’ तर तो तिचा अनुभव. आपण हात जोडावे. पण मांडवात पुढच्या रांगेत, पंख्याखाली मांडी घालून बसलेला गृहस्थ तिच्याविषयी म्हणाला, ‘‘तिला तिथंच कीर्तन घडतंय,’’ तर तो अनुभव नव्हे. ती नुसती सोय झाली. वाक्य तेच, फळ उलटे. सावता महाराजांना मळ्यात कोणी बसवले नव्हते. तो त्यांचा आपला मळा आणि त्यांचे आपले प्रेम. दुसऱ्याला मळ्यात ठेवून आपण वारीला निघणारा सावता महाराजांचा दाखला देऊ लागला, तर त्याला काय म्हणावे?

आणि खरे सांगायचे तर बहुतेक ठिकाणी चुलीपाशी दरवर्षी तीच माणसे असतात. त्याच चार-सहा बायका, तेच दोन भांडी घासणारे, तोच पाण्याचे पिंप भरणारा मुलगा. त्यांना कोणी जुलूम करून बसवत नाही, हेही खरे. पण ‘‘त्या काय, करतातच दरवर्षी,’’ असे म्हणत म्हणत रीत पडते आणि रीत पडली की तिला कोणी विचारत नाही.

मग उपाय काय? उपाय शोधायला लांब जायला नको. तो मांडवाच्या मधोमध उभा असतो. सप्ताह बसला की वीणा खाली ठेवायची नाही. सात दिवस, सात रात्री ती कोणाच्या तरी गळ्यात असते. एक माणूस सात दिवस उभा राहू शकत नाही, म्हणून पहारे लावतात. दोन-दोन तासांचा पहारा धरला तर दिवसाचे बारा आणि सप्ताहाचे चौऱ्याऐंशी. पहारा बदलताना देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. तिथे वय पाहत नाहीत, हुद्दा पाहत नाहीत. कंपनीतला साहेब त्याच कंपनीच्या शिपायाच्या पाया पडून वीणा घेतो आणि दोन तासांनी दुसऱ्याच्या पाया पडून देऊन टाकतो. ‘‘माझ्याइतकी चांगली वीणा कोणी धरत नाही, तेव्हा मी सोडत नाही,’’ असे कोणी म्हणाला तर लोक त्याला वेड्यात काढतील. मग हेच वाक्य कोठीच्या किल्लीविषयी, पावतीपुस्तकाविषयी, माइकविषयी कोणी म्हणाला की आपण त्याला ‘मोठा सेवेकरी’ का म्हणतो?

आमच्या मते वीणेच्या पहाऱ्यात परमार्थातल्या व्यवस्थेचे सगळे शास्त्र आले. वेळ ठरलेली. माणूस ठरलेला. तो आला नाही तर कोणी उभे राहायचे तेही ठरलेले. आणि काम कोणाच्या मालकीचे नाही. रात्री दोन ते चारचा पहारा सगळ्यांत अवघड. डोळे मिटतात, पाय भरून येतात. पण या पट्ट्यात तो पहारा शेवटच्या लोकलने येणाऱ्यांना सोयीचा पडतो. घरी जाऊन लगेच झोप लागत नाहीच. ज्याला जे जमते ते त्याच्याकडे देणे, यातच अर्धी व्यवस्था झाली.

काही भाविकांना व्यवस्था हा शब्दच आवडत नाही. ते म्हणतात, ‘‘हा बाजार झाला. प्रेम असलं की सगळं आपोआप होतं, पांडुरंग पाहून घेतो.’’ पांडुरंग पाहून घेतो हे खरे, पण तो आपले डोळे उघडे असताना पाहतो की मिटलेले असताना, हा विचार करावा. गोरोबाकाकांची कथा सर्वांना ठाऊक आहे. चिखल तुडवताना ते नामात इतके रंगले की रांगत आलेले पोटचे पोर पायाखाली गेले. देवाने ते मूल पुन्हा आईच्या मांडीवर दिले. ती गोरोबाकाकांची योग्यता. आपण रंगात येऊन उकळत्या डाळीच्या पातेल्याकडे दुर्लक्ष केले आणि तिथे शेजारचे पोर भाजले, तर ते उठवून देण्याइतकी आपली पुण्याई आहे काय? नसेल तर चुलीपाशी उभे राहिलेल्याने डोळे उघडे ठेवावेत. त्याचे ते सावधपण हीच त्याची समाधी.

शिवाय गोंधळाचा त्रास सर्वांना सारखा होत नाही. पंगतीला रांग नसेल तर धडधाकट माणसे आधी बसतात. काठी टेकत आलेली आजी तिसऱ्या पंगतीला गार भात खाते, तेही उरला तर. चपलांची, पाण्याची, मुतारीची सोय नसेल तर पुरुषांचे भागते, बायकांचे भागत नाही. म्हणून नेटकी व्यवस्था ही हुशारी नसून दया आहे असे आम्ही मानतो.

26 जुलै 2019 ला मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली, हे या भागातले लोक विसरलेले नाहीत. हजाराहून अधिक प्रवासी रात्रभर डब्यांत, बाहेर पाणीच पाणी. दुसऱ्या दिवशी आपत्ती दलाचे जवान, नौदल आणि आसपासचे गावकरी यांनी मिळून सर्वांना सुखरूप बाहेर काढले. होडीत माणसे मावणार थोडी आणि वाट पाहणारी शेकडो. अशा वेळी क्रम लागतो. आणि तो लावणारा जवान, होडी धरणारा, चिखलातून म्हातारीचा हात धरून चालवणारा गावकरी, काठावर पाणी-बिस्किटे घेऊन उभा राहिलेला पोरगा, यांत एक जरी आपली जागा सोडून दुसऱ्याच्या जागी धावला असता तरी घोटाळा झाला असता. त्या दिवशी तिथे टाळ नव्हता की मृदंग नव्हता. पण ते भजन नव्हते असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

आपल्या वारीतही हे आपोआप आलेले नाही. तुकोबारायांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात माऊलींच्या सोहळ्याला आजचे शिस्तीचे रूप दिले ते श्रीगुरू हैबतबाबा आरफळकर यांनी. ते शिंदे सरकारच्या पदरचे सरदार. लष्करात माणूस राहिलेला. हजारो माणसे रोज हलवायची, उतरवायची, जेवायला घालायची म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. रथापुढे 27 दिंड्या, मागे बाकीच्या, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. पहाटे पहिल्या कर्ण्याला आवराआवर, दुसऱ्याला उभे राहणे, तिसऱ्याला चाल. कोणी कोणाला ओरडून सांगत नाही.

पण आमचे मन खरे रमते ते समाज आरतीपाशी. पालखी तळावर येते, दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंच करतात आणि एका क्षणात सगळे शांत. पण ज्या दिंडीची काही तक्रार आहे ती टाळ वाजवीतच राहते. एवढ्या शांततेत त्या एका दिंडीचे टाळ! चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, तोड काढतात. मग ते टाळ थांबतात. हरवले-सापडले सांगतात, दुसऱ्या दिवशीची निघण्याची वेळ सांगतात, आणि मग आरती होते. तक्रार आरतीच्या आड येते असे तिथे कोणी म्हणत नाही. आरती गाऱ्हाण्यासाठी थांबते. आमच्या किती सप्ताह समित्यांत वर्षाच्या शेवटी असा चोप उंच होतो? हिशेबाची सभा होते, हारतुरे होतात, पण ‘‘ज्याचं काही दुखलं असेल त्यानं टाळ वाजवावा,’’ असे कोणी म्हणत नाही. दुखलेला माणूस मग पुढल्या वर्षी येतच नाही आणि आपण म्हणतो, हल्ली सेवेकरी मिळत नाहीत.

सेवेकरी मिळत नाहीत म्हणून कंत्राट देतात. मांडव, आवाज, जनरेटर यांचे कंत्राट ठीक आहे. ते काम जाणत्याचेच. विजेच्या तारांशी भक्तीने खेळू नये. पण स्वयंपाक, वाढप आणि खरकटेसुद्धा पैसे टाकून उरकायचे ठरले की आम्हाला रुखरुख लागते. व्यवस्था अधिक चोख होते हे कबूल. वाढणारी मुले गणवेशात येतात, भात वेळेवर येतो. पण त्या मुलांना माऊली म्हणून कोणी पाया पडत नाही, आणि ती जेवली की नाही हे कोणी पाहत नाही. कंत्राट द्यायचेच असेल तर निदान एवढे करावे: काल्याच्या दिवशी त्यांची पंगत आधी बसवावी आणि वाढायला समितीने उभे राहावे.

उल्हासनगरातली मंडळी या बाबतीत शेजाऱ्यांकडे पाहतील तर बरे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले. 1949 मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. घरदार सोडून आलेल्या त्या लोकांत नानकपंथी पुष्कळ. त्यांच्या लंगरात चांगला दुकानदार माणूस खाली बसून कांदे चिरतो, जोडे सांभाळतो, ताटे घासतो, आणि त्याची कोणी पाटी लावत नाही. ज्या ग्रंथापुढे ते माथा टेकतात त्यात आपल्या नामदेवरायांची 61 पदे आहेत, म्हणजे हे लोक काही परके नव्हेत. पाटीवरून आठवले. अंबरनाथच्या शिवालयातल्या लेखात शके 982, म्हणजे 1060 हे साल आहे. शिलाहार राजांची नावे आपण वाचतो. पण ज्यांनी तो दगड असा फुलवला त्या पाथरवटांचे नाव आज कोण सांगेल? आणि आमच्या सप्ताहाच्या फलकावर कीर्तनकाराहून मोठे फोटो आयोजकांचे! असो.

एकट्याने सगळे करणाऱ्याविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण लोक त्याचे कौतुक करतात. तो तीन रात्री झोपत नाही, भाजी तोच आणतो, मृदंगवाल्याला तोच आणायला जातो, आणि माइक बिघडला तरी त्यालाच हाक. चौथ्या दिवशी तो सगळ्यांवर खेकसतो. लोक म्हणतात, ‘‘बिचारा दमलाय.’’ दमला आहे हे खरे. पण सेवा ही जर कमाई असेल तर त्याने दहा जणांची कमाई एकट्याने गोळा केली, याला काय म्हणावे? तुकोबांच्या भोवती चौदा टाळकरी होते. संताजी जगनाडे अभंग लिहून घेत. ज्ञानेश्वरी सांगितली माऊलींनी, लिहिली सच्चिदानंदबाबांनी. एवढ्या थोरांनी दुसऱ्याच्या हाताला काम ठेवले. आम्हाला मात्र वाटते की खोबरे दुसऱ्याने किसले तर जाड होईल. होऊ दे जाड.

आता मूळच्या प्रश्नाचे उत्तर. वाढप्याला कीर्तन घडते, यात शंका नाही. पण ते घडते असे आपण त्याच्या वतीने म्हणायचे नाही. आपण त्याला मांडवात बसण्याची वेळ काढून द्यायची. बसायचे की नाही ते त्याचे त्याने ठरवावे. हे कठीण नाही. कीर्तन सात ते नऊ असेल तर डाळ, भाजी आणि भाकऱ्या साडेसहापर्यंत उरकून झाकून ठेवता येतात. भाकरी थापायला निरनिराळ्या आळ्यांनी एकेक दिवस वाटून घ्यावा, म्हणजे त्याच बायका सात दिवस धुरात राहणार नाहीत. पातेली सकाळी घासावीत. रात्री पाण्याने भरून ठेवली तर काही बिघडत नाही. भात मात्र गरमच हवा, त्याला दोन माणसे कीर्तन सोडून चुलीपाशी थांबणारच. ती दोन माणसे रोज निराळी असावीत. त्यांची नावे रोज सकाळी पारायणाआधी फळ्यावर लिहावीत, आणि पहिल्या दिवशी वरचे नाव समितीच्या अध्यक्षांचे असावे.