बैलामागचं शिसं

मंगरूळपीर तालुक्यातल्या एका गावात वडिलांची तेरवी आटोपल्यावर दोघा भावांनी माळा रिकामा करायला घेतला. तुटक्या तिफणीमागं गोणपाटात गुंडाळलेलं एक जड बोचकं निघालं. सुतळी कापली, तर आत सागवानी चाक. पुरुषभर हात पसरावेत एवढं नव्हे, पण बैलगाडीच्या चाकाच्या निम्मं तरी असेल. त्यावर बारा घरं आणि बारा चित्रं: मोर, वाघ, कमळ, छत्री, घोडा, बैल... कडेला खिळ्यांची रांग. चाकाबरोबरच एक घुंगुरमाळ होती, पितळेची, हिरवी पडलेली.

थोरल्याचं कारंज्यात दुकान. त्यानं लगेच फोटो काढून पुण्याच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला पाठवले. उत्तर आलं, दीडशे वर्षांचं असेल तर लाखाच्या पुढं जाईल. धाकटा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. तो म्हणाला, "दादा, आधी जाणत्या माणसाला दाखवू."

वाशीमला एक म्हातारे सुतार होते. त्यांनी चाक अंगणात घेतलं आणि कितीतरी वेळ नुसतं हातानं चाचपलं. मग टेप लावला. लाकडाच्या रेषांच्या दिशेनं माप घेतलं, मग आडवं घेतलं. आडवं पाव इंच कमी भरलं. "लाकूड लांबीत आटत नाही, रुंदीत आटतं," ते म्हणाले. "गोल कापलेलं चाक वर्षानुवर्षं पडून राहिलं की असं चपटं होतं. जुनं आहे, कुणी काल बनवून धुरात काळं केलेलं नाही." फिरवणाऱ्याची बोटं जिथं लागत, तेवढ्याच कडेचा रंग उडालेला होता. नकली माल करणारा सगळीकडून सारखं घासतो, वापरणाऱ्याचा हात मात्र ठरल्या जागीच पडतो.

मग त्यांनी कणा काढला. कण्यात वायसर म्हणून तांब्याच्या रंगाचं एक नाणं बसवलेलं होतं, मधोमध भोक असलेलं. थोरल्यानं ते राखेनं घासलं. भोकाचा पैसा, 1944 सालचा. युद्धात धातू वाचवायला सरकारनं 1943 पासून हे पैसे पाडले, आणि रुपयाचा चौसष्टावा भाग असलेला हा पैसा गावोगावच्या मिस्त्रींनी वायसर म्हणून वापरून टाकला. म्हणजे ही जुळणी 1944 च्या अलीकडची. दीडशे वर्षं तिथंच गळून पडली. 1972 च्या पुरावशेष कायद्यानं अशा वस्तूला शंभर वर्षं भरावी लागतात, तीही भरत नव्हती.

थोरल्याचा चेहरा उतरला. सुतारानं कण्याला तेल दिलं, वरची, खिळ्यांना अडणारी चामड्याची जीभ बाजूला केली आणि चाक मोकळं फिरवलं. थांबलं तेव्हा बैल तळाशी होता. पुन्हा फिरवलं, पुन्हा बैल खाली. सातव्यांदाही तेच. त्यांनी चाक उलटं केलं, बैलाच्या पाठीमागं पटाशीचं टोक लावलं. लाखेचा खपला निघाला आणि खाली सुपारीएवढं शिसं चमकलं.

"जीभ वर असते," म्हातारे सावकाश बोलले. "वर येईल ते जिंकतं. बैल जड केला, म्हणून तो खालीच जातो. शेतकरी माणूस पैसा कशावर लावणार? बैलावर."

शिसं नसतं तरी खेळणारा हरतच होता, हे इथं सांगायला हवं. एका आण्याला दहा आणे मिळत, असं घरात ऐकलेलं. बाराही घरांवर एकेक आणा लावला तर बारा जातात, दहा परत येतात. दोन आणे चाकवाल्याचे, कुठलीही लबाडी न करता. तेवढ्यावरही त्याचं पोट भरलं नव्हतं.

वय कळल्यावर व्यापाऱ्यानं लाखाचं नाव सोडलं होतं, पण शिशाचं कळल्यावर त्यानं भाव आणखी पाडला नाही, उलट वाढवला. खोट असलेली चाकं शौकीन शोधत फिरतात. अमेरिकेत शिकागोच्या एच. सी. इव्हान्स कंपनीसारखे जत्रेच्या जुगाराचं साहित्य बनवणारे कारखानेच होते, त्यांची चाकं आजही संग्रहात जातात. "40 हजार देतो. फक्त शिशाला हात लावू नका," तो म्हणाला. घुंगुरमाळ त्याला नको होती.

ती कुठून आली, हे आजीनं सांगितलं. नव्वदीची आजी खाटेवर बसून माळेचा एकेक घुंगरू चाचपत होती. "तुह्या आबाजीनं चार हिवाळे हे चाक जत्रेत नेलं बापू. मले कधी सांगलं नाई का चाकात काय हाय. एका रात्री हे माळ घेऊन आले. म्हणे, एका मानसानं बैल इकले होते, पैसे सरले तवा हे लावली. बैलावरच लावली. मग जेवले नाई. सकाळी चाक बांधून टाकलं." तो माणूस कोण, कुठल्या गावचा, हे आबाजींनी मरेपर्यंत सांगितलं नाही.

व्यापारी यायला आठवडा होता. तेवढ्यात धाकट्यानं चाक शाळेत नेलं. पैसा नाही, पोरांच्या हाती चिंचोके दिले आणि फळ्यावर बारा रकाने आखले. 120 वेळा चाक फिरवायचं. सगळं सरळ असतं तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला दहाच्या आसपास यायला हवं होतं. बैलाच्या रकान्यात दोनच रेघा पडल्या. मास्तरांनी चाक उलटं करून शिसं दाखवलं. पोरांनी बोट लावून पाहिलं.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचं सूक्त आहे. त्यातले फासे बेहड्याच्या फळांचे. बेहडा आपल्या रानात आजही आहे, आणि सगळं कळूनही पुन्हा पुढं होणारा तो हातही कुठं गेलेला नाही. मला हे सूक्त फार जवळचं वाटतं, कारण ते जुगाऱ्यावर थुंकत नाही, त्याचं रडणं ऐकून घेतं.

थोरला चाक न्यायला शाळेत आला तेव्हा शेवटचा डाव चालू होता. चौथीतल्या एका पोरानं उरलेले सगळे चिंचोके बैलावर ठेवले.

"अरे, आत्ताच शिसं पाहिलंस ना?" थोरल्यानं विचारलं.

"पायलं ना."

"मग?"

पोरगं खाली बघत म्हणालं, "आमच्या घरी बैल हायेत."

चाक फिरलं. छत्रीवर थांबलं. थोरला बराच वेळ दारात उभा राहिला. मग त्यानं पिशवीतून घुंगुरमाळ काढली. आजीनं चिंच लावून ती रात्रीच घासली होती. ती त्यानं पोराच्या गळ्यात घातली. माळ पोटापर्यंत आली.

"पोळ्याला बांधशील?"

पोरगं मास्तरांकडं बघू लागलं. मास्तर फळ्यावरच्या बैलाच्या रकान्यातल्या दोन रेघा पुसत होते.