जुने जपताना

आपल्या प्रत्येकाच्या घरात एखादी जुनी वस्तू असतेच. आजीचे शिवणयंत्र, आजोबांचे घड्याळ. आपण ती पुसतो, जपतो, पाहुण्यांना दाखवतो. जुन्यावरचे हे प्रेम चांगलेच आहे. पण जुने अगदी जसेच्या तसे ठेवण्याचा आग्रह कुठवर धरावा? उत्तरासाठी आज आपण थोडे दूर, अमेरिकेत जाऊ या.

तेथे जुन्या मोटारी जपणाऱ्यांचे मोठमोठे क्लब आहेत. ‘अँटिक ऑटोमोबाईल क्लब ऑफ अमेरिका’ १९३५ साली स्थापन झाला. त्याचे परीक्षक गाडीला ४०० पैकी गुण देतात. गाडी नवी असताना दुकानातून जशी बाहेर पडली असती, तशीच ती दिसावी, ही त्यांची कसोटी. वेगळे काही आढळले की गुण कमी होतात.

समजा, अशा क्लबचा एक सभासद १९५७ सालची शेव्हरोले बेल एअर दुरुस्त करतो आहे. शेव्हरोले हे नाव मुंबईकरांना परके नाही. १९२८ पासून १९५४ पर्यंत जनरल मोटर्सच्या शिवडीच्या कारखान्यात या गाड्यांची जोडणी होत असे. आपला हा सभासद सुट्टीचा प्रत्येक दिवस गाडीला देतो. गंज खरवडतो, पत्रा ठोकतो, क्रोम चमकवतो. शेवटी तो ब्रेकपाशी येतो आणि थबकतो.

त्या काळच्या या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकसाठी ऑईलचा एकच मार्ग होता. एखादी नळी फुटली, की पेडल तळाला टेकते आणि चारही ब्रेक एकदम जातात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथील नव्या मोटारींना दोन वेगळे मार्ग आले. एक फुटला तरी दुसरा काम करतो. मग आपल्या सभासदाने काय करावे? जुना ब्रेक ठेवून गुण मिळवावेत, की नवा बसवून ते गमवावेत?

तो म्हणेल, “गाडी माझी, जीवही माझा.” पण रस्ता त्याच्या एकट्याचा आहे का? रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलाला त्या ४०० गुणांशी काय देणेघेणे?

“जुन्या गाड्या भक्कम असतात,” असेही आपण ऐकतो. २००९ मध्ये अमेरिकेतील ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या संस्थेने १९५९ ची बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर धडकवली. आत माणसांऐवजी पुतळे होते. जुन्या गाडीतला चालक वाचला नसता. नव्या गाडीतल्याच्या पायाला फार तर दुखापत झाली असती. जुने ते सोने असेल, पण प्रत्येक वेळी ते ढाल नसते.

यावर एक रास्त शंका निघते. आज ब्रेक, उद्या इंजिन, परवा आसने बदलली, तर जुनी गाडी उरली कुठे? म्हणून आपल्याला मर्यादा आखावी लागते. गाडी केवळ पाहण्यासाठी ठेवायची असेल, तर तिचा एकेक स्क्रू जुनाच राहू द्या. त्यामुळे कोणाला धोका नाही. पण ती माणसांमध्ये न्यायची असेल, तर दुसऱ्याच्या जिवाशी जेथे संबंध येतो तेवढे बदललेच पाहिजे. आणि बदलले ते लपवू नये. जुना भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा, गाडी विकताना स्पष्ट सांगावे. असे केल्याने गुण जातील, पण गाडीशी आणि माणसांशी असलेला प्रामाणिकपणा जाणार नाही.

आपल्या वडिलोपार्जित घरातील जुनी वायरिंग, कठडा नसलेला जिना आपणही ‘आठवण’ म्हणून तसाच ठेवतो. या आठवड्यात घरात एक फेरी मारू या आणि स्वतःला विचारू या: आपण जे जपतो आहोत, त्याची किंमत कोण मोजणार आहे? आपण, की आपल्या घरातले लहानगे आणि म्हातारेकोतारे?