जळालेल्या सहा जणांचा पंचनामा

आमच्या डॉक्टरनं कादंबरी लिहिली. पहिलीच. सरकारी नोकरीतून निवृत्त झाला आणि पदरचे पैसे घालून पुस्तक छापलं. आमच्या वस्तीतला पहिला एम. बी. बी. एस. हा. त्यानं लिहिलं म्हणून सगळ्यांना आनंद. पण पुस्तक हातात आलं आणि पोरांची तोंडं उतरली. कादंबरी महाभारतावर!

समाजमंदिरात बैठक बसली. पोरं तापलेली. एक जण म्हणाला, "सर, बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या काय कुंतीच्या दारात उभं राहायला?" दुसरा म्हणाला, "गावकुसाबाहेरचं सगळं लिहून झालं का? आपल्या मायबापांचं दुःख संपलं का, की यांना हस्तिनापूर आठवावं?" तिसऱ्यानं सरळ सांगून टाकलं, प्रकाशनाला जायचं नाही.

मी आणि डॉक्टर वसतिगृहात एका खोलीत राहिलेलो, एका ताटात जेवलेलो. म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी गप्प. भिडेपोटी नव्हे, मला उत्तरच येत नव्हतं. तेव्हापासून डोक्यात भुंगा लागला. दोस्तहो, त्या बैठकीत जे बोलायला जमलं नाही ते इथं लिहितो. पटलं नाही तर पुढच्या अंकात सोलून काढा.

प्रश्न साधा आहे. ज्या घरानं आपल्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्या घरातली गोष्ट आपण का सांगावी?

आधी कादंबरी कशावर आहे ते सांगतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, डॉक्टरनंच बजावलंय, "जाहिरात करू नको." आदिपर्वात लाक्षागृहाची गोष्ट आहे. लाख, राळ, तूप, ताग असलं भडकणारं सामान घालून वारणावतात घर बांधलं. पांडवांना जाळायचा डाव. विदुरानं आधीच सावध केलं, खणणारा माणूस पाठवला, भुयार तयार झालं. एवढं आपल्याला कीर्तनातून, शाळेच्या पुस्तकातून, टीव्हीवरून माहीत असतं. पुढचं कुणी सांगत नाही. त्या रात्री कुंतीनं जेवण घातलं. एक निषाद बाई आपल्या पाच पोरांना घेऊन जेवायला आली. खाल्लं, दारू प्यायली, सहाही जण तिथंच झोपले. भीमानं आपल्या हातानं आग लावली आणि आई-भावंडांना घेऊन भुयारातून निघून गेला. सकाळी लोकांना राखेत एक बाई आणि पाच तरुण सापडले. पांडव मेले म्हणून गाव रडलं. हस्तिनापुरात पांडवांचे अंत्यविधीही झाले.

म्हणजे बघा, सहा निषाद मेले ते मेले, त्यांच्या नावानं कुणी रडलंसुद्धा नाही. रडं दुसऱ्यांच्या नावानं झालं. एवढ्या मोठ्या ग्रंथात, जिथं घोड्यांना नाव, शंखांना नाव, धनुष्याला नाव, तिथं या बाईला नाव नाही. कादंबरी तिच्यावर आहे.

डॉक्टरला ही बाई कुठं भेटली? महाभारतात नंतर. आधी भेटली शवागारात.

तो उसाच्या पट्ट्यात ग्रामीण रुग्णालयात होता. ऐन हंगामात एक दिवस पोलिसांनी तीन प्रेतं आणली. एक बाई, दोन लेकरं. रात्री पाचटाची कोपी पेटली होती. ओळख पटवायला कुणी नाही, टोळी रातोरात दुसऱ्या फडावर हलवलेली. डॉक्टरनं मुकादमाला विचारलं, बाईचं नाव काय? मुकादम म्हणाला, "अर्धा कोयता होती साहेब."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. उचल कोयत्यावर, हिशोब कोयत्यावर. एकट्या माणसाला अर्धा कोयता. लेकरं तर मोजतच नाहीत. त्या मुकादमाच्या वहीत बाई अर्धा कोयता, पोरं शून्य.

डॉक्टरनं अहवालात लिहिलं, अनोळखी स्त्री. श्वासनलिकेत काजळी होती, तेही लिहिलं. काजळीचा अर्थ डॉक्टरनंच मला सांगितला. आग लागली तेव्हा माणूस श्वास घेत होता, जिवंत होता. मेलेल्याला जाळलं तर धूर आत ओढायला श्वास नसतो. कापायचं काम सफाई कामगारानं केलं, तेही आपल्यातलाच. डॉक्टर बाजूला उभा राहून लिहीत होता. "दोघंही आपलेच, मेलेलीही आपलीच, आणि तिघांत नाव फक्त माझं होतं कागदावर, सहीपुरतं," असं तो मला म्हणाला.

पुढं कैक वर्षांनी आदिपर्व वाचताना राखेतली बाई आली आणि त्याच्या हातातलं पुस्तक गळून पडलं.

आता पोरांच्या आक्षेपाकडं येतो. आक्षेप फालतू नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्या प्रतिज्ञा दिल्या, त्यात ते देव मानायचे नाहीत, पुजायचे नाहीत असं आहे. तिथं तडजोड नाही. पण त्यांचं वाचायचं नाही, तपासायचं नाही असं कुठं आहे? जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त दशावतारच उलगडून ठेवले, वामनाच्या पायाखालच्या बळीला राजा म्हणून उभं केलं. बाबासाहेबांनी मनुस्मृती १९२७ ला महाडला जाळली, पण तिच्यात काय आहे ते सांगायचं कधी थांबवलं नाही. त्यांचं 'रिडल्स' सरकारनं १९८७ ला छापलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! राम-कृष्णावरचं प्रकरण काढून टाका म्हणून मागणी झाली. आपली माणसं १९८८ मध्ये लाखानं मुंबईच्या रस्त्यावर उतरली. कशासाठी? त्यांच्या ग्रंथांची उलटतपासणी करायचा आपला हक्क टिकावा म्हणून. रस्त्यावर ज्या हक्कासाठी भांडलो, तोच डॉक्टरनं टेबलाशी बसून वापरला तर आपण तोंड फिरवायचं?

आणि आपण गप्प बसलो म्हणून ती गोष्ट गप्प बसते का? १९८७-८८ ला दूरदर्शनवर रामायण लागलं, त्याच्या मागोमाग महाभारत. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. आमच्या वस्तीतले पडत नव्हते असं छातीवर हात ठेवून सांगा बरं! बाबांच्या फोटोखालीच टीव्ही, आणि त्यात श्रीकृष्ण. गोष्ट आपल्या घरात शिरलेलीच आहे. आपण दार लावून बसलो तर ती आत राहते आणि आपण बाहेर.

तरीपण मी डॉक्टरला सगळं माफ करत नाही. पुराणावर लिहिण्यात एक मोठा सापळा आहे. त्याचं नाव कर्ण.

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ ला आली. वसतिगृहात आम्ही ती रात्र-रात्र वाचली आणि ढसाढसा रडलो. भर सभेत सूतपुत्र म्हणून हिणवलेला माणूस! आम्हाला वाटलं, हा आपलाच. फार उशिरा ध्यानात आलं, अरे, हा तर कुंतीचा पोरगा! जन्मानं क्षत्रिय, सूर्याचा अंश. म्हणजे गोष्ट असं सांगते की अन्याय झाला, कारण हा खरा सूत नव्हताच. मग जो खरोखर सूत आहे, त्याला हिणवलं तर? त्यावर गोष्ट मूग गिळून बसते. थोर कुळाचं गुपित निघालं तरच न्याय मागायचा, असा न्याय आपल्याला नको. आपल्या कुणाच्या जन्मात असलं गुपित नाही. आपल्या आयाबायांनी आपल्याला गोठ्यात, शेताच्या बांधावर जन्म दिला, आणि तेवढं पुरे आहे.

निषाद बाईच्या गोष्टीत हा सापळा नाही. ती कुणाची हरवलेली राजकन्या नाही. भुकेली होती, जेवायला आली. तिला न्याय मागायचा तर माणूस म्हणूनच मागावा लागतो, दुसरी सोयच नाही. पुराणावरच्या कोणत्याही पुस्तकाला मी आता हीच कसोटी लावतो. गोष्ट कुठून उचलली हे नंतर बघू. आधी हे सांगा, ज्याच्या बाजूनं बोलताय तो थोर निघाला नाही तरी बोलाल का?

या कसोटीवर डॉक्टर अर्धाच उतरतो. त्यानं पाच पोरांना नावं दिली. दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिका. शूद्राचं नाव किळस वाटेल असं ठेवावं असं मनूनं सांगितलं, आणि हीच नावं आमच्या आज्या-पणज्यांनी नवसाच्या लेकरांना मायेनं ठेवली. पानावर ती नावं वाचताना माझा गळा दाटला. पण शेवटाला त्यानं कुंतीला पश्चात्ताप करायला लावला. वनात बसून ती रडते, राखेची आठवण काढते. मी पानं मोजली. कुंतीचं रडणं एकतीस पानं, त्या बाईची शेवटची रात्र अकरा पानं.

मी त्याला तोंडावर विचारलं, "डॉक्टर, त्या प्रसंगात व्यासांनी कुंतीला रडवलं नाही. तू का रडवतोस?"

तो म्हणाला, "माणूस आहे ती. कधीतरी रडली असेलच की."

मी म्हणालो, "असेल. पण ती रडली की वाचणाऱ्याच्या मनातलं सगळं मिटतं. बाई चांगली होती, चूक झाली, संपलं. जाळणाऱ्याचं दुःख जळणाऱ्यापेक्षा लांब झालं की पंचनामा फिरतो. तुला हे मी सांगायचं?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दुसरी आवृत्ती निघाली तर कापीन." मी विचारलं, "आणि बाईला नाव का नाही दिलंस? पोरांना दिलंस ना?"

त्यावर त्यानं जे उत्तर दिलं त्याच्यासाठी हा सगळा लेख लिहिला. म्हणाला, "त्या कोपीतल्या बाईचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही रे. सहा महिने पत्रं लिहिली. मग हिला मनानं कसं ठेवू? खोटी सही केल्यासारखं वाटलं असतं."

दोस्तहो, मी आता माझं मत सांगतो. जायचं त्यांच्या गोष्टीत. बिनधास्त जायचं. पण हात जोडून नाही, आणि रडायलाही नाही. संशयास्पद मरण झालेल्या घरात डॉक्टर जातो तसं जायचं. घर कुणाचं, देव्हाऱ्यात कोण, याच्याशी कर्तव्य नाही. मेलं कोण, जाळलं कुणी, श्वास चालू होता का, एवढं लिहायचं आणि बाहेर यायचं. येताना नवा देव घेऊन यायचा नाही. उद्या त्या निषाद बाईची मूर्ती बसवून जयंती सुरू केली तर डॉक्टरचं पुस्तक मीच आधी फाडीन.

आणि बाहेर आल्यावर कोपीकडं बघायचं. तिथं आजही पाचट आहे, चूल आहे, लेकरं आहेत, आणि वहीत कोयता आहे. पाच हजार ओळी महाभारतावर लिहायच्या आणि गावातून निघालेल्या टोळीतल्या बाईचं नाव माहीत नसायचं, तर मग आपल्यात आणि व्यासात फरक काय राहिला?

प्रकाशन समाजमंदिरातच करायचं ठरलंय. मी बोलणार आहे, कुंतीच्या एकतीस पानांवरसुद्धा बोलणार आहे. पोरांनी यावं, विरोध असला तर तिथं उभं राहून करावा. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतील. त्याच्या आधी दोनशे पानी वह्या घेऊन आपण घरोघर जायचं. बाईचं नाव, माहेरचं गाव, लेकरांची नावं, वयं, कुठल्या कारखान्याला चालली, मुकादम कोण, सगळं लिहून एक प्रत समाजमंदिरात ठेवायची. डॉक्टर येतो म्हणालाय. सोबत लेकरांचं वजनही करीन म्हणतो. वजनकाटा त्याचा, वह्या आपण आणायच्या.

जयभीम.